शरीराच्या आत काय चाललंय ते मोजायचं कसं आणि त्याची सवय लावायची कशी

थेरपीत बसलं की कधी ना कधी हा प्रश्न येतोच, "हे बोलताना आत्ता अंगात कुठे काय होतंय?" आणि काही जण एकदम ब्लँक होतात. "काही नाही हो, नॉर्मल आहे" म्हणतात, आणि तेव्हाच खांदे कानापर्यंत चढलेले असतात, पाय सारखा हलत असतो. काहींचं बरोबर उलटं, एक ठोका जरा इकडचा तिकडे झाला की "मला अटॅक येतोय" इथपर्यंत विचार पोचलेला असतो. मी कौन्सेलिंग करते, माझ्याकडे दोन्ही प्रकारची माणसं येतात, आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं की दोघांनाही सगळीकडून एकच सल्ला मिळालेला असतो, "शरीराकडे लक्ष द्या". पहिल्याला ते द्यायचं कसं हेच कळत नाही आणि दुसरा बिचारा दिवसभर दुसरं काहीच करत नसतो. म्हणून नीट सविस्तर लिहितेय, आधी मोजायचं कसं, मग सराव कसा, आणि कोणी काय करू नये.

या सगळ्याला इंटरोसेप्शन म्हणतात. हृदयाचे ठोके, श्वास, भूक, तहान, लघवीची भावना, पोटातली हालचाल, अंगातली ऊब, असं आतून येणारं सगळं. शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांना हे नाव दिलं, पण थेरपीवाले लोक याच्याकडे खऱ्या अर्थाने वळले ते गेल्या वीसेक वर्षांत. २००४ मध्ये ह्युगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वतःचे ठोके ओळखताना मेंदूतला इन्सुला नावाचा भाग, त्यातही उजव्या बाजूचा पुढचा, जास्त काम करतो, आणि हाच भाग भावनांच्या वेळीही जागा असतो. मेंदूचं एवढं पुरे, आपल्याला रोजच्या कामाला ते लागत नाही.

लागतं ते हे. २०१५ मध्ये सारा गारफिंकेल, क्रिचली वगैरेंनी आतल्या जाणिवेचे तीन भाग वेगळे केले. एक, तुम्हाला प्रत्यक्षात किती अचूक कळतं. दोन, तुम्हाला किती कळतं असं तुम्हाला वाटतं. तीन, आपल्याला कधी बरोबर कळतंय आणि कधी नाही याचा तुम्हाला अंदाज आहे का. हे तीन एकत्र चालतात असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. सगळ्यात बोलकं उदाहरण २००८ चं आहे. साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ध्यान करणारे लोक घेतले, तिबेटी बौद्ध परंपरेतले आणि कुंडलिनीवाले, आणि ध्यान न करणाऱ्यांशी तुलना केली. शांत बसून स्वतःचे ठोके ओळखण्यात ध्यानवाले काही सरस निघाले नाहीत. पण "आम्हाला छान कळतंय, सोपं आहे" असं मात्र त्यांनीच जास्त सांगितलं. हे ध्यानाला नावं ठेवायला सांगत नाहीये मी, ध्यानाचे फायदे वेगळे आहेत, पण कळतंय असं वाटणं आणि खरंच कळणं यात अंतर असतं आणि थेरपीत आपल्याला तेच अंतर पकडायचंय. नुसतं "जाणीव वाढवा" हे ध्येय मला म्हणूनच अपुरं वाटतं.

सुरू करायच्या आधी

धडधड, चक्कर, धाप हे पहिल्यांदाच होत असेल किंवा कधी तपासलंच नसेल तर आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन या. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं तरी बघून घ्या, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी छातीत धडधडतं आणि त्यावर बॉडी स्कॅन (म्हणजे पायापासून वर एकेका भागाकडे लक्ष न्यायचा सराव) कितीही केला तरी उपयोग नाही. आणि छातीत दाबल्यासारखं दुखतंय, ते हातात किंवा जबड्याकडे जातंय, दरदरून घाम फुटलाय, तर तो सरावाचा विषय नाहीच, १०८ ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा.

मोजमाप पहिलं, ठोके मोजायची टेस्ट

रायनर शांड्री या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये वापरलेली ही पद्धत अजूनही सगळ्यात जास्त चालते, आणि घरी जमण्यासारखी आहे. सोबत एक माणूस लागेल आणि खरे ठोके मोजायला काहीतरी. छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा असेल तर उत्तम, नाहीतर स्मार्टवॉच चालेल. कोव्हिडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, तोही चालतो पण त्याची क्लिप बोटाला दाबते आणि बोटातच ठोका जाणवायला लागतो, म्हणजे उत्तर आपोआप मिळतं, त्यामुळे तो शेवटचा पर्याय ठेवा.

खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर, हात मांडीवर मोकळे, एकमेकांना न लावता. नाडी धरायची नाही, छातीवर हात ठेवायचा नाही, श्वास रोखायचा नाही, घड्याळ समोर नको. चहाकॉफी घेऊन लगेच नको, जिना चढून आल्याआल्या पण नको, पाचेक मिनिटं टेका. मग सोबतचा माणूस "सुरू" म्हणेल तेव्हापासून "थांब" म्हणेपर्यंत मनातल्या मनात ठोके मोजायचे. तीन वेळा करायचं, एकदा २५ सेकंद, एकदा ३५, एकदा ४५, क्रम त्याने त्याच्या मनाने ठेवायचा आणि कितीचा राउंड आहे हे तुम्हाला सांगायचं नाही. तेवढ्याच वेळात यंत्राने किती ठोके झाले ते त्याने लिहायचं. वॉच फक्त मिनिटाचा आकडा दाखवत असेल तर त्यावरून काढा, म्हणजे मिनिटाला ७२ असेल तर ३५ सेकंदांत ४२.

आता यात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे आणि तेच लोक गाळतात. टेस्टच्या आधी स्वतःला बजावायचं, "जे ठोके खरंच जाणवले तेवढेच मोजायचे, अंदाजाने भरायचे नाहीत, एकही नाही जाणवला तर शून्य सांगायचं". कारण आपल्याला सगळ्यांना माहीत असतं की नाडी साधारण सत्तर-बहात्तर असते, आणि मन हळूच त्या वेगाने आकडे म्हणायला लागतं, आणि स्कोर मस्त येतो, आणि जाणवलेलं काहीच नसतं. देसमेद आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं, लोकांना "अंदाज नको, फक्त जाणवलेलंच मोजा" असं स्पष्ट सांगितलं की स्कोर बराच खाली येतो. त्यामुळे या टेस्टवर संशोधकांमध्ये जोरात वाद आहे आणि तो योग्यच आहे. घरी एक उपाय करता येतो, अजून एक राउंड घ्यायचा ज्यात ठोके नाही तर सेकंद मोजायचे. सेकंदांचा अंदाज एकदम परफेक्ट आणि ठोक्यांचाही एकदम परफेक्ट, पण "जाणवले का हो खरंच?" विचारल्यावर तुम्ही चाचरताय, तर तो स्कोर बाजूला ठेवा.

स्कोरचा हिशोब सोपा आहे. खरे ठोके ४२, तुम्ही मोजले ३०, फरक १२. १२ ला ४२ ने भागलं की ०.२९ येतं, ते १ मधून वजा केलं की ०.७१. तिन्ही राउंडचे असे आकडे काढून सरासरी. १ म्हणजे तंतोतंत, आणि शून्याकडे जाल तसं कमी.

आणि प्रत्येक राउंड संपल्यावर, खरा आकडा कळायच्या आधी, सोबतच्या माणसाने विचारायचं, "किती खात्री आहे, शून्य ते दहा?" हा आकडा विसरू नका, माझ्या मते तो स्कोरपेक्षा जास्त कामाचा आहे. समजा सरासरी स्कोर ०.५५ आणि खात्री ८, म्हणजे ०.८, तर अंतर ०.२५, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी कळतंय. उलट स्कोर ०.७५ आणि खात्री ३, तर तुमचं शरीर बरोबर सांगतंय आणि तुमचाच त्यावर विश्वास नाही. गारफिंकेलच्याच गटाने २०१६ मध्ये ऑटिस्टिक लोकांबरोबर हे अंतर मोजलं, आणि वाटतं जास्त पण कळतं कमी असं अंतर जितकं मोठं तितकी अँग्झायटी जास्त असं दिसलं. म्हणून तर मी क्लायंटच्या वहीत स्कोरच्या शेजारी खात्रीचा कॉलम आखायला लावते.

स्कोरची तुलना नवऱ्याशी, बायकोशी, मैत्रिणीशी करू नका. बारीक अंगाच्या माणसाला ठोके जास्त स्पष्ट जाणवतात, बीपीचा फरक पडतो, हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं त्याचा पडतो. तुमची तुलना तुमच्याशीच, तीही तशाच वेळी, तशाच खुर्चीत.

मोजमाप दुसरं, प्रश्नावली

ठोके म्हणजे सगळं शरीर नाही. कोणाला ठोके अजिबात कळत नाहीत पण पोटातलं सगळं कळतं. म्हणून सोबत प्रश्नावली भरतात, सगळ्यात जास्त चालते ती माया (इंग्रजीत MAIA) नावाची. वोल्फ मेलिंग आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला २०१२ मध्ये केली, ३२ प्रश्न होते, २०१८ च्या सुधारित आवृत्तीत ३७ आहेत, आणि उत्तरं शून्य म्हणजे कधीच नाही ते पाच म्हणजे नेहमी. आठ उपभाग आहेत. शरीरातलं लक्षात येतं का, त्रास झाला की दुर्लक्ष करून पुढे रेटता का, त्रास झाला तरी न घाबरता राहता येतं का, लक्ष तिथे टिकवता येतं का, भावना आणि शरीराचा धागा जुळतो का, शरीराच्या मदतीने स्वतःला शांत करता येतं का, शरीराचं ऐकून काही ठरवता का, आणि शरीरावर भरवसा वाटतो का.

यांची बेरीज करून एकच मार्क काढायचा नाही, आठ भागांच्या आठ सरासरी वेगवेगळ्या ठेवायच्या, सगळा अर्थ त्यांच्या चढउतारात असतो. पॅनिकचा, म्हणजे अचानक प्रचंड भीतीचे झटके येण्याचा, त्रास असलेल्यांच्या कागदावर मला बरेचदा दिसतं की "लक्षात येतं" भरपूर वर, आणि "घाबरत नाही" आणि "भरवसा" एकदम तळाला. ब्लँक होणाऱ्यांचं पहिलंच खाली, आणि त्रास रेटून नेण्याची सवय जबरदस्त. या दोघांना एकच सराव देऊन कसं चालेल?

मोजमाप तिसरं, वही

हे सगळ्यात साधं आणि मला सगळ्यात प्रिय. दिवसातून तीन ठरलेल्या वेळा, समजा सकाळच्या चहाआधी, दुपारी जेवणाआधी, रात्री आडवं व्हायच्या आधी, दोन मिनिटं थांबून लिहायचं. भूक किती, शून्य ते दहा. तहान किती. लघवीला लागलीये का, किती वेळापासून. श्वास वर छातीत आहे की खाली पोटात. अंगात कुठे घट्ट, कुठे सैल, आणि शेवटी मूड एका शब्दात.

लघवीचं का विचारतेय असं वाटेल, आणि यावर मला जरा बोलायचंच आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी घरातून निघताना मुद्दाम पाणी कमी पितात, कारण प्रवासात, बाजारात, कामाच्या ठिकाणी धड टॉयलेट नसतं, आणि मग पाच-सहा तास दाबून धरतात. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संस्थांनी राईट टू पी मोहीम चालवली ती यासाठीच. वर्षानुवर्षं रोज "आत्ता नाही" असं सांगितलं की तहान आणि लघवी या दोन्ही भावना शेवटच्या क्षणापर्यंत कळतच नाहीत असं होऊन बसतं. चरकसंहितेत न दाबण्याच्या तेरा वेगांची यादी आहे, त्यात मूत्रवेग आहे, भूक-तहान आहे, झोप आहे, जांभई आहे, आणि अश्रूही आहेत! म्हणजे शरीराचं दाबू नका हे आपल्याला आजचं नवीन नाही, पण दाबावं लागणारी परिस्थिती आजची आहे. अशी बाई थेरपीत "मला काही जाणवत नाही" म्हणाली तर तिच्यात काही कमी आहे असं कृपा करून समजू नका, तिने ते न जाणवून घ्यायला शिकून दिवस काढलेत. तिच्यासाठी सरावाची सुरुवात ठोक्यांपासून करत नाही मी, तहानेपासून करते. घरी आहात त्या दिवशी, तहान शून्य ते दहामध्ये तीनला आली की लगेच पाणी, आठची वाट बघायची नाही. लघवीचं तसंच. आधी एवढंच, आठवडाभर.

वही एक आठवडा भरली, ठोक्यांची टेस्ट एकदा झाली, प्रश्नावली भरली, की सुरुवातीचा फोटो मिळाला असं समजा. आता सराव.

ब्लँक होणाऱ्यांसाठी

शांत बसून आत काही सापडत नसेल तर आधी आतला आवाज मोठा करायचा. एक मिनिट जागच्या जागी जॉगिंग करा किंवा बिल्डिंगचे दोन मजले चढून या (गुडघे आणि डॉक्टर परवानगी देत असतील तर). लगेच बसा, डोळे मिटा किंवा जमिनीवर लावा. ठोका कुठे आहे ते शोधा, छातीत, गळ्यात, कानात, पोटात, बोटांच्या टोकांत, कुठेही असू शकतो. सापडला की तिथेच थांबा आणि तो हळूहळू कमी होत जातो त्याच्या मागे मागे जा, अगदी दिसेनासा होईपर्यंत. मग ३० सेकंद मोजा, खात्रीचा आकडा सांगा, आणि मग यंत्रातला खरा आकडा बघा. चुकलं असेल तर कुठे चुकलं याचा विचार न करता परत एकदा. असे चार-पाच राउंड, दहा मिनिटांत आटपतं.

खरा आकडा लगेच कळणं हीच यातली मुख्य गोष्ट. इंग्लंडमध्ये लिसा क्वाड्ट आणि सहकाऱ्यांनी १२१ ऑटिस्टिक प्रौढांवर अशाच ट्रेनिंगचा प्रयोग केला, सहा सेशन्स, ठोके ओळखायचे, लगेच फीडबॅक, मधे थोडा व्यायाम. २०२१ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनी ट्रेनिंगवाल्यांपैकी ३१ टक्के लोक अँग्झायटी डिसऑर्डरमधून बाहेर आलेले होते, आणि ज्यांना आवाजातल्या भावना ओळखायचं दुसरंच ट्रेनिंग दिलं होतं त्यांच्यातले १६ टक्के. जपानमध्ये सुगावारा यांच्या गटानेही २०२० मध्ये एक आठवड्याच्या ट्रेनिंगनंतर अचूकता वाढलेली आणि अँग्झायटी कमी झालेली बघितली, पण तो छोटा अभ्यास आहे, त्यावर फार भार टाकू नका.

दुसरा सराव नाव द्यायचा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिंथिया प्राइस यांनी शरीराकडे बघण्याची एक आठ सेशनची थेरपी बसवलीये, व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या बायकांबरोबर त्यांनी ती खूप वापरली, आणि त्यात पहिली पायरी हीच की जे जाणवतंय ते शब्दांत सांगता येणं. मग तिथे लक्ष नेणं, मग तिथे लक्ष घेऊन थांबणं. क्रम उलटा केला की जमत नाही, शब्दच नसतील तर बघायचं काय ते कळत नाही.

आपल्याकडे शब्दांची कमी नाहीये पण थेरपीत सगळे "टेन्शन" म्हणून मोकळे होतात. वहीच्या मागच्या पानावर एक यादी करून ठेवा. पोटात गोळा, पोटात कालवाकालव, छातीवर दडपण, धडधड, धस्स होणं, घशाशी आवंढा, कानशिलं तापणं, हातापायाला मुंग्या, तळहाताला घाम, अंगावर काटा, पाय जड, हातपाय गळणं, मान आखडणं, जबडा आवळणं, ऊर भरून येणं. आजीकडून, गावाकडून अजून मिळतील ते घाला. आणि मग सरावात "टेन्शन आलंय" असं लिहिलं की त्याच्या खाली अजून एक ओळ लिहायची, कुठे, कसं, किती, आणि हलतंय का एका जागी आहे. "टेन्शन आलंय" हा निष्कर्ष झाला, "बेंबीच्या वर मुठीएवढं घट्ट, दहापैकी सहा, श्वास सोडताना जरा सैल होतं" हे जाणवलेलं झालं. थेरपिस्टला दुसऱ्या वाक्याने कितीतरी जास्त काम करता येतं.

तिसरा, बॉडी स्कॅन. सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगते. पायाच्या बोटांपासून वर, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास, काही जाणवलं नाही तर "इथे काही नाही" असं नोंदवून पुढे, जबरदस्ती करायची नाही. वेळ लागतो याला. लायपझिगला तानिया झिंगर यांच्या मोठ्या प्रकल्पात लोकांनी महिनोन्महिने रोज सराव केला, आणि ठोके ओळखण्यात म्हणण्यासारखी सुधारणा सहा महिन्यांनंतर दिसली, प्रश्नावलीतले फरक मात्र तीन महिन्यांतच दिसले. त्यामुळे पंधरा दिवसांत "माझ्यात काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

फार जाणवणाऱ्यांसाठी

तुम्हाला पॅनिक होत असेल, तब्येतीची सतत काळजी वाटत असेल, तर वरचे सराव तसेच्या तसे करू नका. तुमचं लक्ष कमी नाहीच. एलर्स आणि ब्रॉयर यांनी १९९२ मध्येच पाहिलं होतं की पॅनिकच्या रुग्णांना ठोके इतरांपेक्षा बरे ओळखता येतात. अडचण जाणवण्याची नसून त्यापुढच्या अर्थाची आहे, धडधड म्हणजे अटॅक, चक्कर म्हणजे आता पडणार, धाप म्हणजे जीव जाणार. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडलं, संवेदना, मग भीतीदायक अर्थ, त्याने अजून धडधड, त्याने अजून भीती. तुम्हाला तोडायचंय ते हे चक्र.

म्हणून पहिलं काम म्हणजे मोजणं कमी करणं. हो, मोजण्याच्या गाईडमध्ये हे लिहितेय. दिवसातून दहा वेळा वॉचवर हार्ट रेट बघणं, रात्री उठून ऑक्सिमीटर लावणं, याला थेरपीत चेकिंग म्हणतात आणि ते भीतीला खाऊ घालतं. टेस्ट पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, सोबतच्या माणसाबरोबर, आणि मधल्या काळात ऑक्सिमीटर त्याच्याच कपाटात.

दुसरं, लक्षाची जागा बदला. छाती आणि गळा सोडून तळपायापासून सुरू करा. फरशी गार आहे का, टाचेवर भार आहे की चवड्यावर, मग तळहात, मग पाठ खुर्चीला कुठे टेकलीये. या जागांना अजून भीती चिकटलेली नसते. तिथे दोन मिनिटं आरामात थांबता यायला लागलं की मग एकदा दहा सेकंद छातीकडे जायचं आणि परत पायाकडे यायचं. जाऊन येता येतं हे कळणं फार मोठी गोष्ट आहे. हळूहळू दहाचे वीस सेकंद.

तिसरं, आणि हे थेरपिस्टबरोबरच, मुद्दाम त्या संवेदना आणायच्या. डेव्हिड बार्लो, मिशेल क्रास्के यांच्या पॅनिकच्या उपचारात हा मोठा भाग आहे. एक मिनिट जोरजोरात श्वास घेणं म्हणजे चक्कर आणि मुंग्या येतात. बारीक स्ट्रॉमधून नाक धरून श्वास घेणं, त्याने धाप लागते. फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं. जागच्या जागी धावणं. प्रत्येकानंतर तीन आकडे लिहायचे, संवेदना किती जोरात, भीती किती, आणि खऱ्या पॅनिकशी किती मिळतंजुळतं. मग तेच परत, परत, भीतीचा आकडा उतरेपर्यंत. संवेदनेचा आकडा तेवढाच राहिला तरी हरकत नाही, धावल्यावर धडधडणारच ना. मधे पाण्याची बाटली घट्ट धरणं, नाडी बघणं, मनात जप करत लक्ष दुसरीकडे नेणं, हे करायचं नाही, नाहीतर मेंदू म्हणतो वाचलो ते बाटलीमुळे. हृदयविकार, दमा, फिट्स येत असतील, गरोदर असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातलं काहीच नाही.

ज्यांनी अत्याचार, अपघात, मारहाण असं काही सोसलंय त्यांच्यासाठी शरीरात लक्ष नेणं म्हणजे कधीकधी थेट त्या दिवसात परत जाणं असतं. डोळे उघडे ठेवा. वेळ अगदी कमी ठेवा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेता येतात का ते मधूनमधून बघा, घेता येत नसतील, आवाज लांबून यायला लागले असतील, अंग बधिर होत असेल तर लगेच थांबायचं, उभं राहायचं, तोंडावर पाणी मारायचं, आणि हे पुढच्या सेशनला सांगायचं. थांबणं म्हणजे नापास नाही, ती यातली सगळ्यात गरजेची स्किल आहे. खाण्याशी संबंधित आजार असतील तर भूक-पोटभरचे आकडेसुद्धा थेरपिस्टला विचारूनच, तिथे आकड्यांचं वेड पटकन लागतं.

विपश्यनेबद्दल मला कायम विचारतात, इगतपुरी जवळ आहे ना. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं आणि त्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही, म्हणजे या विषयाच्या अगदी जवळचं आहे आणि अनेकांना त्याचा आयुष्यभर उपयोग होतो. पण दहा दिवस मौन आणि दिवसाला दहाएक तास बसणं हे पॅनिक जोरात असताना किंवा ट्रॉमा ताजा असताना सुरुवात म्हणून मी सुचवत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं केंद्राच्या नियमांतच लिहिलेलं आहे, फॉर्ममध्ये औषधांची माहिती लपवू नका. योगासनांचं मात्र लवकर सुरू करता येतं, शवासन, ताडासन, आसन सोडल्यावर अर्धा मिनिट थांबून काय बदललं ते बघणं, एवढ्यानेही वहीत लिहायला भरपूर मिळतं.

मधेच फार त्रास व्हायला लागला आणि थेरपिस्ट मिळत नसेल तर सरकारी टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

परत मोजताना

सहा ते आठ आठवड्यांनी तिन्ही मोजमापं परत करा, तीच वेळ, तीच खुर्ची, शक्यतो तोच सोबती. निकाल वाचताना स्कोर वाढला का एवढंच बघू नका. स्कोर तोच राहिला आणि खात्री आठवरून सहावर आली तर पुष्कळांना वाईट वाटतं, पण स्कोर ०.५५ च्या आसपास असेल तर ही प्रगती आहे, तुम्हाला स्वतःचं आता जास्त खरं कळतंय. पॅनिकवाल्यांच्या प्रश्नावलीत "लक्षात येतं" हा भाग जरा खाली आला आणि "घाबरत नाही" वर गेला तरी तेच. ब्लँकवाल्यांचा त्रासाचा आकडा पहिल्या महिन्यात वहीत वाढलेला दिसू शकतो, आधी मान दुखत होती पण कळत नव्हती, आता कळतेय, त्याने घाबरू नका पण थेरपिस्टला दाखवा. वहीतली जी तीन पानं सगळ्यात गोंधळाची आहेत ना, जिथे खात्री एक सांगत होती आणि निघालं दुसरंच, तीच घेऊन सेशनला जा, अख्खी वही वाचून दाखवत बसू नका, वेळ पन्नास मिनिटंच असतो.